टिळा लावलेला दुश्मन

मावला, आदिलाबाद
१४ मार्च १९९९

नागनाथ सर,

साक्षगंध होऊन लग्न ठरल्यावर लक्ष्मीआत्यानं मला बजावलं होतं, की आता 'सर' म्हणायचं नाही, 'अहो' म्हणायचं. मोठ्या मुश्किलीनं शिकले होते ते 'अहो'. आता परत घेते. तुम्ही पुन्हा सर. उत्तमरावांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्यासारखंच, माझ्या शेजारच्या टेबलावर बसून शिकवणारे, चहातलं बिस्कीट नेमकं कीबोर्डवर पाडणारे नागनाथ सर.

हैदराबादचा पत्ता चंपतकडून काढला. त्याच्यावर डोळे वटारू नका. क्लासमधला तोच एक तुमचा मित्र, आणि मी त्याला सांगितलं की तुमचं राहिलेलं स्वेटर पाठवायचंय. स्वेटर येणार नाही. आत्यानं ते फरशी पुसायला घेतलंय.

मला एवढंच विचारायचंय. आमच्या गावी, बाजारहत्नूरला मारुतीच्या पारावर, पंचांसमोर, माझा बाप खाली मान घालून बसलेला असताना तुम्ही जे बोललात, ते बोलताना तुमची जीभ जराही अडखळली नाही का? मी तिथं नव्हते. आमच्याकडे बायकांना पारावर कोणी बोलावत नाही. पण गोष्ट इथं आत्याच्या घरी माझ्यापर्यंत यायला वेळ लागला नाही. सुरुवात तुमच्या आईनं केली म्हणे. "पोरगी चालीची बरोबर नाई. काळे पडदे लावलेल्या खोलीत परक्या पोरायसंगं बसते अन् बंदुकीचा खेळ खेळते." मग पंचांपैकी सुधाकरराव पटेलांनी तुम्हाला विचारलं, "काऊन रे, खरं हाय का हे?" आणि तुम्ही म्हणालात, "हो. मी सोता पाह्यलं."

स्वतः पाहिलं! पाहणारच. खुर्ची तुम्हीच ओढून दिली होती. गेमची सीडी तुम्हीच हैदराबादहून आणलीत, क्लासमधल्या झाडून सगळ्या कॉम्प्युटरवर तुम्हीच टाकलीत. पडदे उत्तमरावांनी लावले, कारण दुपारच्या उन्हात मॉनिटर दिसत नाही. "पोरींच्या हाताला हे जमत नसते," असं म्हणून तुम्ही मला डिवचलंत, आणि मी तुमच्या आधी गेममधला पूल पार केला तेव्हा तुमचं तोंड एवढंसं झालं. पंचांना हेही सांगितलंत का?

तुम्हाला हैदराबादला नोकरी लागली. आता याहून मोठं स्थळ मिळेल असं मायलेकांना वाटलं. वाटू द्या. "आम्हाला मोठं स्थळ पाहिजे" एवढं म्हणाला असतात तर माझ्या बापानं चार शिव्या देऊन विषय संपवला असता. माझी चाल कशाला काढलीत? आता माझ्यासाठी कोणी विचारायला येत नाही, आणि जे माझ्याकडे पाहतात ते कसे पाहतात ते मला कळतं.

माझी मागणी एकच आहे. जिथं बोललात तिथं या, आणि त्याच पंचांसमोर सांगा की ते खोटं होतं. दुसरं काही नको मला. तुम्ही तर नकोच.

वनमाला


मावला
२ मे १९९९

नागनाथ सर,

उत्तर आलं नाही. येणार नाही असं धरूनच चालले होते, तरी पोस्टमन दिसला की मान वळत होती. आता वळत नाही. दुसरा उद्योग मिळालाय.

ती फौजी गेम आठवते ना? विसरला असाल तर सांगते. आपले फक्त दोन हात आणि बंदूक दिसते. कानात एक साहेब इंग्रजीत सतत खेकसत असतो, पुढे चला, पुढे चला. रस्ता एकच. डावीकडे शेत दिसतं पण तिकडे जाता येत नाही, हवेवर डोकं आपटतं. मागचा दरवाजा आपोआप बंद होतो. बर्फ, मग पूल, मग तळघर, आणि शेवटी खुर्चीला बांधलेला एक इंजिनिअर, त्याची दोरी सोडायची की संपलं. जेमतेम तासाभराचा खेळ. तुम्ही म्हणायचात, एवढ्या पैशात फारच आखूड आहे. मला तेव्हाही आवडली होती. कुठं जायचं याचा विचार करावा लागत नाही.

दुपारच्या बॅचनंतर लाईट असली तर मी खेळायला बसते. बंदूक चालवताना मला रोज पारावरचं बोलणं ऐकू यायचं, आणि समोर मात्र कुठल्या तरी देशाचे गोरे शिपाई. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं?

मग मला तुम्हीच शिकवलेलं आठवलं. दुश्मनाचं तोंड म्हणजे एका फोल्डरमधलं नखाएवढं चित्र. फाईलचं नाव तेच ठेवायचं, माप तेच ठेवायचं, आतलं तोंड बदलायचं. शेजारच्या टायपिंगवाल्या मास्तरांचं तोंड तुम्ही एकदा लावलं होतं आणि आपण पोट धरून हसलो होतो. तुम्ही ते लगेच काढून टाकलंत. मी काढणार नाही.

उत्तमरावांनी लग्नपत्रिका छापायला स्कॅनर घेतलाय. साक्षगंधाचा फोटो माझ्याकडे होताच. आधी कात्रीनं मी स्वतःला त्यातून वेगळं केलं. मग तुम्हाला स्कॅन केलं आणि लहान लहान करत नेलं. कपाळावर माझ्या बापानं लावलेला कुंकवाचा टिळा आहे, त्याला तांदळाचे दोन दाणे चिकटलेत. टिळा पुसता आला असता. नाही पुसला.

आता बर्फात टिळा लावलेला दुश्मन, पुलावर टिळा लावलेला दुश्मन, तळघरात दाराआड दबा धरून बसलेला टिळा लावलेला दुश्मन. सगळे तुम्ही. पहिल्यांदा पुलावर समोर आलात तेव्हा मी टिळ्याकडेच बघत राहिले आणि तुम्हीच मला मारलंत. दुसऱ्यांदा मी आधी गोळी घातली. मी रडले वगैरे नाही, उगाच खूश होऊ नका.

पोरं विचारतात, "मॅडम, हा टिळेवाला कोण हो?" मी म्हणते, दुश्मन. चंपतनं मात्र ओळखलं. आधी हसून हसून खुर्चीवरून पडायला आला, मग म्हणाला, "वनमाला, हे बरोबर नाई." मग म्हणाला, "सरक, मले खेळू दे." रविवारी तर आता निम्मं कॉलेज येतं. गोळी लागली की पोरं पोळ्यानंतर मारबतीचा पुतळा गावाबाहेर हाकलल्यासारखी ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" उत्तमरावांची कमाई वाढली म्हणून तेही कानाडोळा करतात.

एक घोटाळा झालाय. कैदी इंजिनिअरचं तोंडही त्याच फाईलमधून येतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे शेवटी टिळेवाल्यांच्या तावडीतून टिळेवाल्यालाच सोडवावं लागतं. पोरं काही सोडवत नाहीत. तिथवर जीव तोडून पोचतात आणि खुर्चीला बांधलेल्या तुम्हालाच गोळी घालतात. मग साहेब खेकसतो, आणि तळघर पुन्हा पहिल्यापासून. आदिलाबादेत ही गेम सध्या कोणाचीच पूर्ण होत नाही.

पंचांसमोर कधी येता?

वनमाला


मावला
२० जून १९९९

नागनाथ,

सर गेलं, अहो गेलं, आता तूच. पोलिसात मामा आहे असं धमकीचं पत्र लिहिणाऱ्याला मी तुम्ही म्हणत नसते. "ही माझी बदनामी आहे," असं लिहिलंस. वाचून मला इतकं हसू आलं की आत्या चूल सोडून बाहेर आली. तुझी बदनामी नखाएवढ्या चित्राची आहे. माझी अख्ख्या गावाएवढी आहे. मामाला घेऊनच ये. त्याला पण खेळायला बसवते.

तू आला नाहीस, तुझी आई आली. हे तिनं तुला सांगितलं का? सकाळच्या बसनं आल्या जयवंताबाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. भर बॅचमध्ये दारात उभ्या. पोरं उठून गेली. मी खुर्ची दिली. बसल्या नाहीत.

"दाखव," म्हणाल्या.

मी दाखवलं. तू पुलावरून पळत आलास, मी गोळी घातली, तू पडलास. मागून दुसरा तू आलास. जयवंताबाई मॉनिटरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कपाळाले कुकू लावून मारून राह्यली व्हय माह्या लेकराले?"

मी म्हटलं, "कुकू माह्या बापानं लावलं होतं, मावशी. मानानं लावलं होतं."

"काढून टाक."

"तुमी पारावरचं काढा. मी हे काढते."

"पंचायसमोरची गोष्ट मागं घेता येते का वो? लोक तोंडात शेण घालतीन आमच्या."

"मग माह्या बापाच्या तोंडात लोकायनं काय घातलं?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. खरं सांगू, त्या वेळी मला त्यांची थोडी दया आली. माझ्या साक्षगंधाला याच बाईनं माझी ओटी भरली होती आणि माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती. मी कॉम्प्युटर बंद करणारच होते, तेवढ्यात त्या बोलून गेल्या, "मुधोळची सोयरीक येऊन राह्यली पोराले. त्यायच्या कानावर हे गेलं तं काय तोंड दाखवू आमी?"

दया तिथंच संपली. म्हणजे मी इथं डागाळून बसायचं आणि तू मुधोळला कोऱ्या कपाळानं उभा राहायचं! कॉम्प्युटर चालूच ठेवला. त्यांना बसपर्यंत पोचवलं, पाया पडले, आणि परत येऊन खेळायला बसले.

तुझ्या आईनं मुधोळचं नाव घ्यायला नको होतं.

वनमाला


मावला
२५ जुलै १९९९

नागनाथ,

मुधोळहून तुझी चौकशी करायला माणूस येऊन गेला. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. मुलीकडचा जाणता माणूस मुलाच्या गावी, मुलाच्या कामाच्या जागी जातो, आपण कोण ते सांगत नाही, काहीतरी निमित्त काढून बसतो आणि कान उघडे ठेवतो. वामनराव नावाचे म्हातारे गृहस्थ, मुलीचे काका. निमित्त पुतण्याच्या ॲडमिशनचं. पण कोर्स किती महिन्यांचा हे न विचारता, "पह्यले इथं कोन सर होते? सोभावानं कसे होते?" हे विचारायला लागले, तेव्हा मी ओळखलं.

मी एक शब्द बोलले नाही. देवाशप्पथ. मी म्हटलं, उत्तमराव येतीलच, तोवर बसा. कोपऱ्यात चंपत खेळत होता. वामनराव सहज म्हणून त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. मी हजेरी घेत होते, पण डोळे त्यांच्याकडेच होते.

बराच वेळ त्यांनी पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशातून एक फोटो काढला, तू मुधोळला पाठवलेला, टाय लावलेला. तो मॉनिटरजवळ धरला. तू मेलास की दुसरा तू यायचा, त्यामुळे त्यांना ताडून बघायला भरपूर वेळ मिळाला.

"बाई, हा पोरगा कोन?" त्यांनी मला विचारलं.

"नागनाथ सर. आधी इथंच होते."

"अन् हा टिळा कायचा हाय?"

"साक्षगंधाचा."

"कोनाच्या?"

"माह्या."

ते खाली बसले. त्यांना सांगण्यात आलं होतं की पोराची ही पहिलीच सोयरीक, आधी कुठं बोलणंसुद्धा झालेलं नाही. मोडली काऊन, असं त्यांनी विचारलं. मी पारावरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. आणि म्हटलं, "हीच ती खोली. हेच ते काळे पडदे. हाच तो खेळ. मी आत्ताबी खेळते. तुमीच पाहून घ्या."

म्हाताऱ्यानं खरंच पाहिलं. पडदा हातानं सरकवून बाहेर काय दिसतं ते पाहिलं. पोरींची बाकं कुठं, पोरांची कुठं ते पाहिलं. चंपतला उठवून स्वतः खुर्चीत बसले, माऊस मुठीत धरला आणि पुलाच्या तोंडाशीच तुझ्या हातून मेले. "लय हरामी हाय हा," एवढं म्हणाले आणि उठले. दारात जाऊन परत फिरले. "बाई, याच्यात चालीचं काय होतं?"

मी म्हटलं, "मलेबी तेच इचारायचं हाय."

चहा मागवला होता, तो न घेता गेले. त्या दिवशी मला फार आनंद झाला, नागनाथ. लपवत नाही. मुधोळच्या त्या मुलीचं भलं झालं म्हणून नाही, तुझं वाईट झालं म्हणून. आत्यानं ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. मी मागून मागून खाल्ल्या आणि ती माझ्याकडे बघत पदरानं डोळे पुसत राहिली, कारण फेब्रुवारीपासून माझं ताट ती अर्धं उरलेलंच उचलत होती.

वनमाला


मावला
२२ ऑगस्ट १९९९

नागनाथ,

मुधोळचा नकार तुला पोचला हे तुझ्या अक्षरावरूनच दिसतंय. माफीचं पत्र मिळालं. "मी खोटं बोललो, माझी मती फिरली होती, तू निर्दोष आहेस." छान लिहिलंस. खाली ओळ आहे, "हे पत्र कोणाला दाखवू नकोस, वाचून फाडून टाक."

फाडलं नाही, सोबत परत पाठवते. तू काय दारं लावून, माझ्या एकटीच्या कानात बोलला होतास का? पारावर बोललास, तर पारावरच ये.

माझा बाप फेब्रुवारीपासून आपल्या गावच्या बाजारात जात नाही. ज्या माणसानं जन्मभर त्या बाजारात बैलाचे दात पाहून लोकांना सल्ले दिले, तो आता मिरची-मीठ आणायला इच्चोड्याला जातो, आणि आईला सांगतो की तिथं माल चांगला मिळतो. आई मान हलवते. तुझी माफी त्यांना पाहिजे. मला नुसती वाचायला नको.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळं गाव घरी असतं. पंच असतात. त्या दिवशी ये. सगळं बोल. बोललास की मी त्याच आठवड्यात गेममध्ये जुनी तोंडं परत टाकीन, हा माझा शब्द. नाही आलास तर चौकशीला आणखी कोणी ना कोणी येणारच आहे. क्लास रविवारीही चालू असतो.

वनमाला


मावला
१४ सप्टेंबर १९९९

नागनाथ,

हे शेवटचं. तुझ्यासमोरच सगळं घडलं, तरी लिहिते, कारण त्या दिवशी तू नीट ऐकलं नसावंस. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आधी हिशेब चुकता करते. तू बोललास. सगळ्या गावासमोर, हात जोडून, "मी खोटं बोललो, पोरीची चाल सोन्यासारखी हाय," असं म्हणालास. आवाज बारीक होता, पण सुधाकरराव पटेलांनी दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणायला लावलं, तेव्हा मागच्यांनाही ऐकू गेलं. मी शब्द पाळला. काल सकाळी जुने शिपाई परत टाकले. चंपतनं दुपारी इंजिनिअरला सोडवलं आणि गेम पूर्ण केली. पोरांना काही मजा आली नाही.

आता पुढचं. मला पारावर यायला कोणी सांगितलं नव्हतं. मी आईचा हात धरून आले आणि पायरीशी उभी राहिले, कोणी हटकलं नाही. तुझं बोलून झालं तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, इतका की तुझ्याबद्दलचा राग क्षणभर शोधावा लागला. तेवढ्यात पटेल मांडीवर थाप मारून म्हणाले, "चाला, झालं गेलं. पोराले आपली चूक समजली. आता दिवाळी झाली की मुहूर्त काढा."

आणि सगळे हसले! कोणीतरी गूळ आणा म्हणालं. तुझ्या आईनं पिशवीतून नारळ आणि लुगडं काढलं. म्हणजे घरूनच घेऊन आली होती. मग मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत होतास. मान खाली, पण ओठात हसत होतास. तेव्हा मला लख्ख समजलं की तू कशासाठी आला होतास. मुधोळ गेलं, तर बाजारहत्नूर आहेच. तुम्हा सगळ्यांना वाटत होतं की ही पोरगी एवढी पेटली, पत्रांवर पत्रं लिहिली, तोंडं चिकटवली, ती तुझ्यासाठी. तू परत मिळावास म्हणून.

माझ्या बापाकडे बघायला नको होतं, पण पाहिलं. किती महिन्यांनी त्याची मान वर झाली होती. तो उठून तुझ्या आईच्या हातातला नारळ घ्यायला निघाला होता. त्याला तरी काय म्हणू? पोरीचं ठरतंय म्हणून तो खूश होता. खोटं कशाला सांगू. वाटलं, गप्प राहावं, होऊ द्यावं.

मग मी वर चढले.

"पटेलकाका, मले बोलायचं हाय."

"बोल ना, बाई."

"मले मुलगा पसंत नाई."

नारळ तुझ्या आईच्या हातातच राहिला. पटेलांनी विचारलं, "काऊन वो? आता तं त्यानं सगळ्यायसमोर कबूल केलं. काई दोष दिसला काय त्याच्यात?"

तू माझ्याकडे पाहत होतास. मी काय बोलणार याची यादी तुझ्या मनात तयार असणार. खोटारडा आहे, लोभी आहे, आईच्या ओंजळीनं पाणी पितो. यातलं काहीही बोलले असते तरी तुला उत्तर होतं. माफी मागितली ना, सुधरेन म्हणतो ना. पंचांनी माझी समजूत काढली असती, बायकांनी मला घरी नेऊन समजावलं असतं, आणि दिवाळीनंतर मी तुझ्याच घरी भाकरी थापत बसले असते.

मी म्हटलं, "दोष काई नाई काका. पसंत नाई, बस."

पटेलांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. तुझ्या आईनं लुगडं परत पिशवीत कोंबलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या, हेही लिहून ठेवते.

मग आम्ही घरी आलो. अंगणात पाय धुताना बाबा म्हणाले, "बरं केलं का वाईट केलं, मले काई समजत नाई, पोरी. पन त्यानं मान खाली घातली अन् तू नाई घातली, हे मी पाह्यलं." दुसऱ्या दिवशी ते आपल्या गावच्या बाजारात जाऊन बसले.

आणि तुझी गोष्ट आता गावात सुरू झालीय. तू माझं कारण सांगितलं होतंस, म्हणून ते खोडता तरी आलं. मी तुझं कारण सांगितलंच नाही. एवढा शिकलेला, हैदराबादला नोकरी असलेला पोरगा, माफी मागून दारात आलेला, आणि पोरगी म्हणते पसंत नाही. मग काहीतरी असलंच पाहिजे की. विहिरीवर म्हणतात, त्याला फिट येते. सोनाराच्या ओट्यावर म्हणतात, हैदराबादला त्यानं एक बाई ठेवलीय. आणि पटेलांच्या घरच्या बायका तर काय म्हणतात, ते मी कागदावर लिहू शकत नाही. मी मावल्याला परत येईपर्यंत आई रोज मला विचारत होती, खरं काय ते सांग. मी काहीच सांगितलं नाही. मी त्यातलं एकही खोडून काढलेलं नाही, आणि काढणारही नाही.

वनमाला